कोलकात्याचा जलप्रलय : दोष कोणाचा ?

ता. २२ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं कोलकाता शहरावर जो पाऊस कोसळला, त्यानें सकाळपर्यंत तेथील असंख्य रस्ते पाण्याखालीं नेले. चोवीस तासांच्या आंत सुमारें २५१ मिलिमीटर पाऊस पडला. दुर्गापूजा आठवड्यावर आली असतां मंडप पाण्यांत उभे राहिले, शाळा बंद कराव्या लागल्या आणि दहाच्या सुमारास माणसें प्राणास मुकलीं. त्यांतील बहुतेकांचा घात साचलेल्या पाण्यांत उतरलेल्या विजेनें केला. राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं दोष वीज पुरविणाऱ्या कंपनीवर ठेविला, कंपनीनें तो आपला नव्हे असें सांगितलें. आणि असा पाऊस कधीं पाहिलाच नव्हता, हा नेहमींचा उद्गारही ऐकूं आला.

हा उद्गार आम्हांस पटत नाहीं. इतक्या पावसानें कोणतेंही शहर कांहीं तास अडेल, हें आम्ही मान्य करतों. समुद्र व हवा तापत चालल्यानें असे पाऊस वाढतील, हें शास्त्रज्ञांचें म्हणणेंही आम्ही जाणतों. परंतु १९७८ आणि १९८६ सालच्या सप्टेंबरांत याच शहरानें याहून मोठा पाऊस सोसला आहे. जें एकाच पिढीनें दोनदां पाहिलें, त्यास अभूतपूर्व म्हणणें ही विस्मृति तरी होय, किंवा जबाबदारी टाळण्याची युक्ति तरी होय.

मग पाणी तुंबतें कां ? कोलकाता हें गंगेच्या त्रिभुज प्रदेशांत हुगळीच्या कांठीं वसलें आहे. नदीनें शतकानुशतकें टाकलेल्या गाळानें तिचा कांठ उंच झाला, आणि शहराचा उतार नदीकडे न राहतां पूर्वेच्या दलदलीकडे गेला. एकोणिसाव्या शतकांतील इंजिनियरांनीं हें ओळखून १८७५ च्या सुमारास विटांचीं भुयारी गटारें पूर्वेकडेच वळविलीं. पूर्वेची विद्याधरी नदी गाळानें भरून १९२८ सालीं मृत ठरली, तरी दलदल उरली. तेथील मच्छीमारांनीं शहराचें मैलापाणी उथळ तळ्यांत घेऊन, ऊन व शेवाळ यांच्या साह्यानें तें निवळवून, त्यावर मासे पोसण्याची विद्या साधली. या तळ्यांस तेथें ‘भेडी’ म्हणतात. शहराची घाण जिरवून त्यास मासळी व भाजी पुरविणारी आणि पावसाचें पाणी पोटांत घेणारी ही व्यवस्था किती मोलाची आहे, हें जगास पटविण्यांत ध्रुवज्योती घोष यांनीं आपलें आयुष्य वेंचलें.

आणि शहरानें काय केलें ? १९६२ पासून हुगळीचा गाळ नळांवाटे आणून या दलदलीचा एक भाग बुजविला आणि त्यावर सॉल्ट लेक ही वसाहत उभारली. पुढें राजारहाटची पाळी आली. फाळणीनंतर दाटलेल्या शहरास घरें हवीं होतीं, यांत शंका नाहीं. परंतु पाण्याची जागा माणसानें घेतली तर पाण्याची दुसरी सोय लावून दिली पाहिजे, हा हिशेब पुरता मांडला गेला नाहीं. हुगळीस भरती आली म्हणजे तिच्या बाजूचे दरवाजे बंद करावे लागतात, नाहींतर नदीच शहरांत शिरावयाची. आणि पूर्वेकडील कालवे तर गाळानें व प्लास्टिकनें भरलेले. अशा वेळीं पाण्यानें जावें तरी कोठें ?

कायदा नाहीं असेंही नव्हे. १९९२ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयानें ही पाणथळ जमीन बुजविण्यास मनाई केली. २००२ सालीं सुमारें १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा ठरला. २००६ सालीं राज्यानें त्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. तरीही भराव पडतच राहिले. कायद्याचा कागद पाणी शोषीत नाहीं. तें काम दलदलच करते.

आमच्या मते करावयाचें आहे तें स्पष्ट आहे. उरलेल्या भेड्या एक वीतही कमी होऊं देऊं नयेत आणि बेकायदा भराव काढण्याचा खर्च तो घालणाराकडून घ्यावा. कालव्यांतील गाळ पावसाळ्यापूर्वीं काढून त्याचा हिशेब नागरिकांपुढें ठेवावा. रस्त्यावरील प्रत्येक विजेच्या खांबाचा धनी कोण, हें आधीं ठरवून जाहीर करावें. म्हणजे माणूस मेल्यावर त्याचा शोध करण्याची लाजिरवाणी पाळी येणार नाहीं.

मुंबईकरांनीं या लेखाकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहूं नये. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मिठी नदीनेंही आपल्या गिळलेल्या जागेचा असाच जाब विचारला होता. पाणी कोणाचा सातबारा वाचीत नाहीं. त्याची वाट आपण मोकळी ठेविली नाहीं, तर तें आपल्या घरांतून वाट काढतें. आणि पहिलें घर नेहमीं गरिबाचें असतें.