टेक्सासमध्ये कर खरंच कमी?

रिपब्लिकन टेक्सासमध्ये राज्याचा आयकर शून्य, तर डेमोक्रॅट कॅलिफोर्नियात सर्वोच्च दर १३.३ टक्के. हे पाहून बे एरियातून ऑस्टिन-डॅलसला बिऱ्हाड हलवणाऱ्यांत आयटीतली मराठी मंडळीही आहेत. पण सरकार एका हाताने सोडते, ते दुसऱ्या हाताने घेते. टेक्सासचा मालमत्ता कर देशातल्या चढ्या दरांपैकी. शिवाय खरेदीवर ८.२५ टक्क्यांपर्यंत विक्रीकर. त्याची झळ मोठ्या पगारदाराला कमी, तुटपुंज्या कमाईवाल्याला जास्त. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेचा विस्तारही टेक्सासने नाकारला. आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण तिथे देशात सर्वाधिक. कॅलिफोर्नियात सरासरी आयुर्मान जास्त. घर घेणे मात्र तिथे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, आणि त्यावर डेमोक्रॅटांना अजून तोडगा सापडलेला नाही.