धुक्यातील हाकेला ओ देणारा राक्षस

भयकथा म्हटली की आपले समीक्षक नाक मुरडतात; वाचक मात्र ती आवडीने वाचतात. त्यांना केवळ घाबरण्याची हौस असते असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होय. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची १९५१ मधील ‘द फॉग हॉर्न’ ही छोटेखानी कथा पाहावी. सागरतळाशी युगानुयुगे एकाकी पडलेला एक प्रचंड प्राणी दीपगृहाचा धुक्यातील भोंगा ऐकतो आणि हा आपल्याच जातीचा कोणी साद घालीत आहे, अशा समजुतीने सलग तिसऱ्या वर्षी वर येतो. भोंगा थांबताच तो पिसाळतो, मनोरा जमीनदोस्त करतो. तळघरात दोन माणसे जीव मुठीत धरून बसलेली. तरीही वाचकाचे काळीज कळवळते ते त्या जनावरासाठी! पुढे नवे दीपगृह उभे राहते, तो मात्र परतत नाही. (हीच कथा वाचून जॉन ह्यूस्टन यांनी ‘मोबी डिक’ची पटकथा ब्रॅडबरींकडे सोपविली.)

गोमंतकीयाला ही करुणा परकी वाटू नये. देवचाराचे भय बाळगीत असतानाच त्याच्यासाठी रोट आणि विडी ठेवणारी ही भूमी आहे. मराठीत रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना मोठा वाचकवर्ग लाभला, तोही काही अडाण्यांचा नव्हे. आमच्या वाचनालयांच्या ग्रंथनिवड समित्यांनी पुढील खरेदीच्या वेळी या वाचकांनाही एकदा विचारावे.