रेषा आहे, थांबा कुठंय?

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही कधी काल्पनिक देश वसवलाय? अनेकांना हा नाद असतो. काही जण तोच उद्योग ‘सिटीज : स्कायलाइन्स’सारख्या गेममध्ये करतात. कागद असो की स्क्रीन, क्रम ठरलेला. आधी समुद्र, मग डोंगर, नद्या, राजधानी. मग राजधानीपासून बंदरापर्यंत सरळसोट रेल्वे आणि तिच्या शेजारून एक्स्प्रेसवे. रेषा ओढायला मजा येते. स्टेशनांचे ठिपके शेवटी, जमलं तर. आणि टाइमटेबल? ते कुणीच काढत नाही. गेममध्ये याची शिक्षा लगेच मिळते. लाइन चकाचक, पण माणसांना चढायला जागाच नाही, मग सगळे रस्ते तुंबतात. खऱ्या देशात शिक्षा उशिरा मिळते, आणि ती भोगणारा रेषा ओढणाऱ्यापेक्षा वेगळाच कुणी असतो.

आता महाराष्ट्राचा खरा नकाशा उघडा आणि छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, गंगापूर तालुक्यात बोट ठेवा. लासूर स्टेशन. मूळ लासूर हे शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं गाव. रेल्वे आली, स्टेशनभोवती पेठ उभी राहिली आणि तिचं नावच लासूर स्टेशन पडलं. आज इथल्या बाजार समितीतले कांद्याचे भाव पेपरात छापून येतात. गावाला ओळख दिली ती रुळांनी.

आणि नकाशावर बघाल तर या गावाला काही म्हणजे काही कमी नाही. मनमाडकडे गेलं की मुंबई, उलट दिशेला गेलं की जालना, परभणी, नांदेड, पार हैदराबाद. रेल्वेचं विद्युतीकरण झालंय. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो आणि त्याचा हडस पिंपळगावचा इंटरचेंज हाकेच्या अंतरावर म्हणावा असा आहे. काल्पनिक देशातही एखाद्या गावाला आपण इतकं दिलं नसतं!

मग इथल्या पोराला सकाळी आठच्या लेक्चरला शहरात पोचायचं टेन्शन का येतं?

उत्तर रुळांवरच सापडतं. मनमाड ते संभाजीनगर हा मार्ग अजून पूर्ण दुहेरी झालेला नाही. एकेरी मार्गाचं गणित सोपं पण निर्दय असतं. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात समोरासमोरून दोन गाड्या सोडता येत नाहीत. त्यामुळे एकीला स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर, उभं करायचं आणि दुसरी निघून गेली की सोडायचं. याला रेल्वेच्या भाषेत ‘क्रॉसिंग’ म्हणतात. बाहेर कुणाची उभी राहायची पाळी येते? जिचा मान कमी तिची. मान अर्थातच लांब पल्ल्याच्या जलद गाडीचा. ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई ‘वंदे भारत’ सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. लासूरला ती थांबत नाही. आणि खरं सांगायचं तर थांबूही नये. दर वीस मिनिटांनी थांबणारी जलद गाडी कुणाच्याच कामाची नसते. प्रश्न वेगळा आहे. एकाच रुळावर नवी जलद गाडी घातली की उरलेल्या गाड्यांच्या वेळेतली थोडी जागा जाते. ही वजाबाकी उद्घाटनाच्या फलकावर दिसत नाही. पॅसेंजरच्या डब्यात बसलेल्याला ती बरोबर कळते.

कोविडच्या काळात तर वेगळीच गंमत झाली. बंद पडलेल्या पॅसेंजर गाड्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा त्यातल्या कित्येक देशभर ‘एक्स्प्रेस स्पेशल’ नावाने आल्या. किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपये झालं. डबे तेच, रूळ तेच, वेगही जवळपास तोच. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस १० रुपये परत आले. पण मधली साडेतीन-चार वर्षं म्हणजे एका बॅचचं अकरावीपासूनचं निम्मं कॉलेज झालं की राव.

आता समृद्धी. ७०१ किलोमीटर, नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे. नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. खर्च पंचावन्न हजार कोटींहून जास्त. रस्ता भारी आहे, वाद नाही. पण त्यावर दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर स्प्लेंडर घेऊन जाणं म्हणजे जिवाशी खेळ. फक्त हेही लक्षात ठेवायचं की देशात नोंदणी झालेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. म्हणजे या भागातली सगळ्यात मोठी रेषा गावाजवळून जाते आणि गावातल्या बहुतेक गाड्यांना तिच्यावर चढायची मुभाच नाही. लासूरच्या पोरासाठी तो रस्ता पुलाखालून पलीकडे जायचा रस्ता आहे.

राहिली लालपरी. इथे सवलतींची कमी नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास, मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट, विद्यार्थी पासावर दोन तृतीयांश सूट. उच्च शिक्षणातही २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या अनेक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. कागदावर मुलीच्या शिक्षणाचा खर्च जवळपास शून्यावर आलाय. पण प्रॅक्टिकल साडेपाचला संपलं आणि गावाची शेवटची गाडी पाचला सुटली, तर या सगळ्या सवलती स्टँडवरच राहतात. घरात मग चर्चा फीची होत नाही. ‘अंधार पडायच्या आत येणार का?’ एवढंच विचारलं जातं. याचं उत्तर ‘नाही’ आलं की ॲडमिशन जवळच्या, मनाविरुद्धच्या कोर्सला होते. कुठल्याही आकडेवारीत हे ‘वाहतुकीमुळे’ म्हणून नोंदवलं जात नाही.

माझ्या मते इथली खरी अडचण पैशापेक्षा मालकीची आहे. रेल्वे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाची, मुख्यालय सिकंदराबाद. मनमाडला गेलं की मध्य रेल्वे सुरू, मुख्यालय मुंबई. बस एसटी महामंडळाची. समृद्धी रस्ते विकास महामंडळाची. प्रत्येकाची रेषा वेगळी, प्रत्येकाचा साहेब वेगळा. गाडी स्टेशनात कधी येते हे बघून बस सोडायची, हे यांच्यापैकी कुणाचंच काम नाही.

मजा म्हणजे याच मातीत एकेकाळी उलट व्यवस्था होती. हा रेल्वेमार्ग हैदराबाद संस्थानाच्या काळातला, १९०० च्या आसपास सुरू झालेला, मीटर गेजचा. मनमाडला ब्रॉड गेज सुरू व्हायचं, त्यामुळे रुळांची रुंदी बदलली की माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा. हा द्राविडी प्राणायाम १९९० च्या दशकात गेज बदलेपर्यंत चालला. म्हणजे जुनं ते सगळं सोनं होतं असं मुळीच नाही. पण १९३२ मध्ये निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा सुरू झाली, २७ बस आणि १६६ कर्मचारी, ती निजाम स्टेट रेल्वेचाच एक विभाग म्हणून. रूळ आणि बस एका छपराखाली! नंतर संस्थान विलीन झालं, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, १९६१ मध्ये इथली बससेवा आजच्या एसटी महामंडळात गेली. ते छप्पर पुन्हा कुणी बांधलं नाही.

बाहेर ते बांधलेलं दिसतं. स्वित्झर्लंड घ्या. सिनेमातला बर्फ बाजूला ठेवा. क्षेत्रफळ ४१ हजार चौरस किलोमीटर, मराठवाडा ६४ हजारांहून जास्त. लोकसंख्या नव्वद लाख, मराठवाड्यात २०११ लाच पावणेदोन कोटींहून जास्त माणसं होती. तिथे १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने, घड्याळाच्या त्याच मिनिटाला गाड्या सुटतात. १९८७ मध्ये लोकांनी मतदान करून ‘रेल्वे २०००’ नावाच्या योजनेला मंजुरी दिली. तिच्यात त्यांनी आपला वहीवरचा क्रम उलटा केला. आधी टाइमटेबल काढलं. कुठल्या स्टेशनात किती वाजता सगळ्या गाड्या आणि पिवळ्या पोस्ट-बस एकमेकांना भेटायला हव्यात हे ठरवलं. मग बघितलं की त्यासाठी नवे रूळ कुठे लागतील. बर्न–झुरिक प्रवास एका तासाच्या आत बसायला हवा होता, म्हणून डिसेंबर २००४ मध्ये मधला साधारण ४५ किलोमीटरचा नवा मार्ग उघडला. हवा होता तेवढाच वेग विकत घेतला. आपल्याकडे रेषा आधी, टाइमटेबल नंतर, आणि बस तर वेगळ्याच ऑफिसात.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे रेषा पुन्हा ओढली जातेय. अंकाई ते संभाजीनगर हे सुमारे ९८ किलोमीटरचं दुहेरीकरण मंजूर आहे, लासूर त्याच पट्ट्यात येतं. पुढचा संभाजीनगर–परभणी टप्पाही, १७७ किलोमीटरचा, केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ ला मंजूर केला. दुसरा रूळ पडला की क्रॉसिंगसाठी ताटकळणं संपेल आणि आजच्यापेक्षा कितीतरी जास्त गाड्या धावू शकतील. पण त्या जास्तीच्या जागेत काय धावणार? मालगाड्या? आणखी एक वंदे भारत? की रोटेगाव ते जालना अशी सकाळ-संध्याकाळची, प्रत्येक स्टेशनला थांबणारी लोकलसारखी गाडी, जिच्या वेळेला धरून लासूर स्टेशनवरून खेड्यांकडे एसटी सुटेल? दुसरा रूळ पडल्यावर आपोआप यातलं शेवटचं होईल असं समजायला काही आधार नाही. मालगाडीची बाजू मांडणारे आहेत, जलद गाडीची मांडणारे तर खूप आहेत.

विद्यार्थ्यांची बाजू मांडायची जागा मात्र आहे. रेल्वेच्या प्रत्येक विभागात प्रवाशांची सल्लागार समिती असते, थांबे आणि वेळांचे विषय तिथे मांडता येतात. बसची फेरी सुरू करायची किंवा वेळ बदलायची मागणी एसटीच्या आगार व्यवस्थापकाकडे जाते, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि प्राचार्यांचं पत्र असलं की तिला वजन येतं. ‘गाड्या वाढवा’ एवढंच लिहिलेलं निवेदन फायलीत झोपतं. कोणत्या गावातून किती मुलंमुली येतात, पहिलं लेक्चर किती वाजता, शेवटचं प्रॅक्टिकल किती वाजता संपतं, हा तक्ता एनएसएसचं युनिट आठवड्याभरात तयार करू शकतं. दुहेरीकरण पूर्ण होऊन नवं टाइमटेबल छापलं जायच्या आधी तो तक्ता नांदेडच्या विभागीय कार्यालयात आणि गंगापूर आगारात, दोन्हीकडे, एकाच दिवशी पोचायला हवा.