आधी गिऱ्हाईक, मग ट्रेनिंग

दिव्यांग तरुणांसाठी ट्रेनिंग म्हटलं की मेणबत्ती, अगरबत्ती, कागदी पिशव्या ठरलेल्याच. पण सेलू-जिंतूरच्या बाजारात हा माल घेणार कोण, हे आधी कुणी विचारत नाही. मग सर्टिफिकेट पेटीत आणि पोरगं घरात.

माझं स्पष्ट मत आहे, आधी गिऱ्हाईक शोधा. आपल्या परभणीत पंपाची मोटार जळली की शेतकऱ्याला थांबून चालत नाही. ज्याला चालायला अडचण आहे, तो मोटार रिवाइंडिंग बसून करू शकतो. उचलायला हेल्पर ठेवा.

आता पैशाचं गणित बघा. पीएमईजीपी योजनेत दिव्यांगाला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात, खेड्यात अनुदान ३५ टक्के. म्हणजे ५ लाखांच्या प्रकल्पाला स्वतःचे २५ हजार, अनुदान १ लाख ७५ हजार. पण हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत ३ वर्षं राहतं, मग कर्जात वळतं होतं. तोवर हप्ते धंद्यातूनच फेडायचे. म्हणून गिऱ्हाईक आधी.

आणि दुकानदारांनो, दया नको. सहा महिने हाताखाली घ्या, पगार द्या आणि कामाचा हिशोबही मागा.