एका एक्स-रेने काय होतंय?

मंडळी, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे फेकलं जातं की त्याला उत्तर द्यावंसं कुणाला वाटत नाही. मी देणार आहे, कारण जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि हा प्रश्न मुळात बेरजेचा आहे.

एकाने काही होत नाही, हे खरंच. छातीच्या एका एक्स-रेतून मिळतो तेवढा किरणोत्सर्ग निसर्गातून काही दिवसांत मिळतोच. पण स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, झालेलं मूल घ्या. बरगड्यांमधले स्नायू दुबळे, श्वासपटल त्यामानाने शाबूत. त्यामुळे श्वास घेताना पोट फुगतं आणि छाती आत जाते. हळूहळू छातीला घंटेसारखा आकार येतो, पाठीचा कणा वाकतो. ते बघायला पुन्हा पुन्हा फोटो, मध्येच सीटी स्कॅन.

पूर्वी गंभीर प्रकारातली बहुतेक मुलं दोन वर्षांचीही होत नसत. बेरीज कोण करणार? २०१६ पासून औषधं आली, मुलं जगू लागली. आता हिशेब मांडायलाच हवा. कणा वाकलेल्या ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकीचे सरासरी २५च्या आसपास एक्स-रे झाले होते आणि स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त निघाले. ती यंत्रं जुनी, आजची मात्रा खूप कमी, मान्य. पण बेरजेचा नियम बदललेला नाही.

शिवाय एक्स-रे म्हणजे थांबलेलं चित्र, आणि श्वास म्हणजे हालचाल! छातीवर बुद्धिबळाच्या पटासारखी प्रकाशाची जाळी पाडून कॅमेऱ्याने टिपलं, की कुठली बाजू किती हलते ते कळतं. श्वासपटल सोनोग्राफीत दिसतं. एमआरआयतही किरणोत्सर्ग नसतो, पण लहान मुलाला निश्चल ठेवायला बरेचदा भूल द्यावी लागते, आणि दुबळ्या श्वासाला भूल धोक्याची.

न्यूमोनिया झाला किंवा कण्याची शस्त्रक्रिया ठरली, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. तिथे घाबरून अडून बसणं हा शुद्ध अडाणीपणा. माझं भांडण सवयीने काढलेल्या फोटोशी आहे. एका इंजेक्शनसाठी सोळा कोटींची वर्गणी काढणारा आपला समाज त्या मुलाची छाती मोजायला इस्पितळात साधा कॅमेरा का मागत नाही?

तेव्हा नात्यात, शेजारात असं मूल असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "या फोटोमुळे उपचार बदलणार आहेत का? नुसता आकारच बघायचा असेल तर किरणांशिवाय बघता येईल का?" विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि झालेल्या प्रत्येक एक्स-रेची तारीख वहीत लिहून ठेवा. बेरीज आपणच ठेवायची असते.