ध्वनिफितीतील लोकगीत आणि श्रोत्याचा अभिप्राय

लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका व ध्वनिफिती यांविषयी विद्यापीठीय वर्तुळात जी चर्चा होते, तिचा निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो. ध्वनिफितीमुळे लोकगीतांचे विकृतीकरण झाले, बाजाराने मौखिक परंपरा गिळली, मूळ चाली लोपल्या, अशी विधाने प्रबंधांतून आणि चर्चासत्रांतील निबंधांतून वारंवार आढळतात. ती सर्वस्वी खोटी आहेत, असे मला म्हणावयाचे नाही. प्रश्न एवढाच आहे की, ती कुणाच्या कानावर विसंबून केली जातात? प्रबंधकार संहिता छापील संग्रहातून घेतो, ध्वनिफीत एकदा ऐकतो, दोहोंतील फरक नोंदवितो आणि त्या फरकाला ऱ्हास असे नाव देतो. ज्यांच्यापुढे ते गीत पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले, त्यांना या साऱ्या व्यवहारात कोणी विचारीत नाही. लोकगीताच्या ध्वनिमुद्रणाविषयी जाणता श्रोता जो अभिप्राय देतो, तो समीक्षेच्या दर्जाचा असतो, आणि पुष्कळदा आपल्या समीक्षेहून अधिक काटेकोर असतो, असे माझे मत आहे. ते येथे मांडावयाचे आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. परभणी तालुक्यातील पेडगाव हे मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. शहर जवळ असल्याने ध्वनिफितींची दुकाने आणि आकाशवाणीचे परभणी केंद्र ही दोन्ही या गावाच्या कानाशी होती. आणि त्याच वेळी लग्नानंतरचा गोंधळ, भजनी मंडळ, पोतराजाची हलगी हे सारे गावाच्या अंगणातले होते. या परिसराला गोंधळ ऐकण्याची जुनी सवय आहे. परभणीच्या राजाराम कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांनी ही विधिनाट्याची परंपरा जिल्ह्याबाहेरच्या रसिकांपर्यंत नेली, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. अशा गावातील श्रोता जेव्हा गोंधळाची ध्वनिफीत ऐकतो, तेव्हा तो तिची तुलना कोणत्याही छापील संहितेशी करीत नाही. स्वतः जागविलेल्या रात्रींशी करतो.

या भागातील वयस्क श्रोत्यांशी बोलताना गोंधळाच्या ध्वनिफितींविषयी एक तक्रार मी निरनिराळ्या शब्दांत ऐकली आहे. गाणे लहान झाले, अशी ती तक्रार नव्हे. देव सगळे आले नाहीत, अशी ती आहे. गोंधळाच्या आवाहनात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची महालक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा यांना बोलाविले जाते, हे आपण वर्गात शिकवितो. परंतु प्रत्यक्ष अंगणात गोंधळी तेवढ्यावर थांबत नाही. यजमानाचे कुलदैवत, गावाचा मारुती, शिवेवरची देवी, कुण्या पिराचे ठाणे, यांचीही नावे तो घेतो, आणि ती नावे उच्चारली गेली की बसलेली मंडळी सावरून बसतात. ध्वनिफीत साऱ्या महाराष्ट्रात विकावयाची असल्यामुळे तीत मोठी क्षेत्रे राहतात आणि शिवेवरची देवी गळते. लोकसाहित्याचा अभ्यासक याला ‘संहितेचा संक्षेप’ म्हणेल. श्रोत्याच्या दृष्टीने मात्र विधीच पुरा झालेला नसतो. प्रयोग आणि संहिता यांतील भेद समजावून देण्यासाठी आपण जी पाने खर्ची घालतो, तो भेद या अभिप्रायात एका वाक्यात आलेला आहे.

काळाच्या मर्यादेचा मुद्दाही येथे ध्यानात घ्यावयास हवा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारणतः तीन-साडेतीन मिनिटांची असे. तेवढ्यात पोवाड्याचा एखादा चौक किंवा गौळण कशीबशी बसे. दीर्घ तबकडी आली, तेव्हा बाजू वीस मिनिटांच्या घरात गेली. आणि साठ मिनिटांच्या ध्वनिफितीने अर्ध्या तासाची बाजू दिली. १९८० नंतर खेड्यापाड्यांत ध्वनिफीत पोहोचली, तेव्हा आख्यान प्रथमच थोडेफार विस्ताराने मुद्रित होऊ शकले. विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोककलावंताचे आख्यानगायन नाट्यगृहाबाहेरील श्रोत्याच्या घरी पोहोचले, त्यात या साधनाचा वाटा मोठा आहे. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातील ध्वनिफितींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या स्वस्त साधनामुळे प्रादेशिक गायकांना आणि छोट्या उत्पादकांना वाव मिळाला, हे दाखविले आहे. आपल्याकडील ऱ्हासवादी मांडणीत ही बाजू क्वचितच येते. ध्वनिफीत आता मागे पडली. मोबाइलमध्ये तीच गाणी पुन्हा तुकड्यातुकड्यांनी वाजू लागली आहेत. म्हणजे लांबीच्या बाबतीत आपण एका अर्थी तबकडीच्या काळाकडे परतलो आहोत.

वाद्यमेळाविषयी श्रोते जे बोलतात, ते तर संगीताच्या अभ्यासकांनीही ऐकावे असे आहे. संबळाची जागा इलेक्ट्रॉनिक तालयंत्राने घेतली की आवाज ‘कोरडा’ होतो, असे सांगितले जाते. हा शब्द मोलाचा आहे. संबळाच्या दोन भांड्यांपैकी एकाचा नाद खर्जातला, घुमणारा असतो. तालयंत्राचा ठोका वाजतो आणि तेथेच तुटतो. तुणतुण्याचा अखंड स्वर गेला आणि त्याजागी कीबोर्डाची सुरावट आली, तर गायकाला टेकायला जागा उरत नाही. झीलकऱ्यांविषयीचे निरीक्षण त्याहून मार्मिक आहे. झील धरणारा हा मुख्य गायकाच्या शब्दावर चढून येतो, त्याच्या श्वासाला आधार देतो, प्रसंगी त्याला चिडवितोही. ध्वनिमुद्रण-कक्षातील समूहस्वर नोटेशनबरहुकूम, एका सुरात आणि नेमक्या वेळी येतात. गळे गोड असतात, पण जाणत्या श्रोत्याला त्यांत गोंधळ्याचे सोबती ऐकू येत नाहीत. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताच्या शास्त्राची मांडणी मराठीत करून दिली त्याला अनेक वर्षे लोटली. तरी मराठी विभागांतील लोकसाहित्याचा अभ्यास अजून शब्दांपलीकडे फारसा सरकलेला नाही. परीक्षेत ‘लोकसाहित्याची लक्षणे लिहा’ हा प्रश्न मात्र चुकत नाही.

जात्यावरच्या ओवीविषयी स्त्रियांचे अभिप्राय याहून वेगळ्या अंगाने जातात. ओवीत भावाचे, लेकाचे, माहेरच्या गावाचे नाव घालावयाची जागा असते. गाणारी ती जागा आपल्या माणसांच्या नावांनी भरते. म्हणून एकच ओवी शंभर घरांत शंभर जणींची होते. ध्वनिफितीतील ओवीत ही जागा एकतर ‘बंधुराया’ अशा सामान्य नामाने भरलेली असते, किंवा रिकामी ठेवून वर बासरी वाजविलेली असते. दळण दळलेल्या एका वृद्ध स्त्रीने अशी ओवी ऐकून, हिच्या भावाचे नाव काय, अशा अर्थाचा प्रश्न केला होता. त्या प्रश्नात ओवीच्या आत्मपरतेविषयी जी जाण आहे, ती आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘समूहनिर्मिती’ आणि ‘अनामिकता’ या लक्षणांना थेट छेद देणारी आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून पुढे ओव्यांचे जे संग्रह झाले, त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, कागदावर आलेल्या ओवीला गाणारणीचे नाव बहुधा उरलेच नाही.

आता आक्षेपांकडे वळू. श्रोत्याला विचारले की तो अभ्यासकाला आवडेल तेच बोलतो, हा पहिला आक्षेप. आणि तो खरा आहे. कॉलेजातील सर वही घेऊन बसले की ‘जुने ते सोने’ हेच उत्तर मिळणार. म्हणून ‘आवडले का?’ हा प्रश्न निरुपयोगी समजावा. ध्वनिमुद्रण लावावे आणि गप्प बसावे. श्रोता कोठे मान हलवितो, कोठे उठून जातो, कोठे स्वतःच पुढची ओळ उचलतो, आणि मुख्य म्हणजे कोठे दुरुस्ती करतो, ते पाहावे. गळलेले कडवे म्हणून दाखविणे, ही चाल आमच्याकडे अशी नाही म्हणून गाऊन दाखविणे, हे श्रोत्याचे सर्वांत विश्वसनीय अभिप्राय होत. त्यांत आदरातिथ्याचा भाग कमी असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. श्रोत्याच्या मताला प्रमाण मानले, तर लोकगीत कशाला म्हणावे हेच डळमळते. हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेली कोळीगीते शान्ता शेळके यांनी लिहिली. तरीही असंख्य मराठी श्रोते ती कोळ्यांची पारंपरिक गाणी म्हणूनच ऐकत आले. येथे श्रोता कर्तृत्वाच्या बाबतीत चुकला, हे उघड आहे. परंतु एखाद्या ज्ञात कवयित्रीची रचना समाज आपल्या समारंभांत अशी वापरू लागतो की तिचे नाव पुसले जाते, ही घटना लोकसाहित्याच्या अभ्यासकाने चूक म्हणून सोडून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. ती नोंदवावी, आणि नोंदविताना कवयित्रीचे नाव ठळकपणे लिहावे.

मराठवाड्यात तरी या प्रश्नाचा निकाल भीमगीतांना वगळून लावता येणार नाही. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवी-गायकाची रचना जयंतीच्या मंडपातून, ध्वनिफितीतून आणि ऐकणाऱ्यांच्या पाठांतरातून एकाच वेळी पसरली. येथे ‘मूळ’ मौखिक आणि ‘नंतरचे’ मुद्रित असा क्रमच लागत नाही. वस्तीतील श्रोत्याला ध्वनिफीत ही ऱ्हासाची खूण वाटण्याचे कारण नव्हते. आपला शब्द आपल्या माणसाच्या आवाजात, ध्वनिक्षेपकावरून गावभर ऐकू येणे याला त्याच्या लेखी वेगळाच अर्थ होता. प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण तर साऱ्या गावाच्या परिचयाचे आहे. त्यांच्याच आवाजात भीमगीते वाजली आणि त्यांच्याच आवाजातील विठ्ठलाची गाणी आषाढीला देवळावरील कर्ण्यातून वाजली. एकाच गळ्याला गावाचे दोन भाग आपापल्या परीने आपला म्हणत होते. पण ते एकत्र बसून ऐकत होते काय, हे कुठल्या प्रबंधात विचारलेले माझ्या पाहण्यात नाही. श्रोत्याच्या अभिप्रायाची नोंद करताना तो कोणत्या आळीत बसून ऐकत होता, हे लिहिले नाही, तर ती नोंद अर्धीच राहील. ‘लोक’ हा शब्द आपण ज्या सहजतेने एकवचनी वापरतो, त्या सहजतेला येथे धक्का बसतो, आणि तो बसणे इष्ट आहे.

सर्वच श्रोत्यांचे मत सारख्या वजनाचे असते, असा याचा अर्थ नाही. ज्याने रात्रभराचा गोंधळ पाहिलाच नाही आणि चित्रपटातील गोंधळगीतावरून जो संबळ ओळखतो, त्या तरुणाचे मत त्याच्या पिढीच्या अभिरुचीविषयी पुष्कळ सांगेल, गोंधळाविषयी थोडेच. दोन्ही नोंदवावीत, पण एका रकान्यात घालू नयेत.

ही कामे एम. ए.च्या विद्यार्थ्याला करता येण्याजोगी आहेत. त्यांस मोठे अनुदान लागत नाही. आपल्या विभागांनी क्षेत्रीय कार्याच्या नावाखाली पन्नास गाणी जमवून आणण्याचा जो परिपाठ पाडला आहे, त्याऐवजी पाचच ध्वनिमुद्रणे घेऊन ती पाच ठिकाणी ऐकवावीत आणि जे घडले ते तारखेनिशी लिहावे, अशी सूचना मी करीन. अडचण मार्गदर्शकांची आहे, कारण अशा प्रकल्पाला गुण कशाचे द्यावयाचे हे त्यांना कळत नाही.

सामग्री मात्र उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांपैकी बऱ्याच बर्नार बेल यांच्या साहाय्याने १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. या संकलनात गाणारणीचे नाव आणि गाव राखलेले आहे; वाद्यमेळ नाही, जात्याची घरघर आहे. माजलगावच्या भीमनगरातील ओव्या त्यांत आहेत आणि आपल्याच जिल्ह्यातील ताडकळसच्याही आहेत. ताडकळसची ओवी पेडगावात ऐकविली, तर येथील म्हातारी ती आपली मानील, की चाल वेगळी म्हणून दुरुस्त करील? विजेची गिरणी येण्यापूर्वी ज्यांनी रोज दळले, त्यांतील बहुतेक जणी आज सत्तरीपलीकडे आहेत. येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वी या कामाला कोणता विभाग हात घालणार, हे मला जाणून घ्यावयाचे आहे.