दुर्बीण हालेना म्हणून कपाटात ठेवू नका



आमच्या हिवरखेडला आकाशदर्शनाच्या रात्री चाळीसेक पोरं रांगेत उभी होती. मोटारीवर फिरणारी दुर्बीण ओळखीतून उसनी आणलेली. गुरू निवडला, बटण दाबलं, तर नुसतंच घुर्रघुर्र. नळी जागची हालेना.

हाताने फिरवून दाखवायला गेलो. पण पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते आणि भिंगातून जेमतेम अर्धा अंश आकाश दिसत होतं. म्हणजे 2 मिनिटांत गुरू बाहेर. मागची पोरं रिकाम्या आकाशाकडे पाहून "दिसला सर" म्हणत होती. लाजून. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "झाकून ठेवा अन् परत करा. तुटलं तर भरून कोण देईन?" भीती खोटी नाही. डेडस्टॉक रजिस्टरच्या धाकाने किती साहित्य कुलपात पडून असतं, हे आपल्याला माहीत आहे. तरी मी खोका सातवीच्या मुलांसमोरच उघडला. अटी तीन: स्क्रू खोलायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि नळीचं झाकण दिवसा काढायचं नाही. चुकून सूर्याकडे वळली तर डोळा जाईल.

आधी सेल पाहिले. साधे 8 सेल 1.5 व्होल्टचे, म्हणजे 12 व्होल्ट. आम्ही टाकले होते चार्जिंगचे, 1.2 चे. एका मुलीने फळ्यावर गुणाकार केला: 9.6. सेल बदलल्यावर आवाज खणखणीत झाला, पण नळी तिथेच. मोटार फिरते अन् नळी फिरत नाही, तर घोळ दोघांच्या मधे असणार. क्लचची चकती सैल होती, हातानेच आवळली. आता आडवी फिरली, खाली उतरताना अडली. तेव्हा एक शेतकऱ्याचा पोरगा म्हणाला, "सर, बंडी उलाळ झाली." खरंच, मागे भार जास्त होता. नळी पट्टीवर थोडी पुढे सरकवली. हे मला सुचलं नसतं.

रात्री नळी मस्त फिरली, पण भलतीकडेच! आम्ही तारीख आधी टाकली होती, यंत्राला महिना आधी हवा होता. 5 फेब्रुवारीचा 2 मे झाला. तारीख सुधारली, वेळ 5:30 पुढची आहे हेही तपासलं.

जुन्नरजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत, त्याही मोटारीनेच दोन दिशांनी फिरतात. तिथला बिघाड शोधणाऱ्यालाही कुठेतरी पहिल्यांदा कोणी हात लावू दिला असेल. आपण शिक्षक "हात लावू नका" फार लवकर म्हणतो, मीही म्हणतो.

त्या रात्री रांगेतल्या शेवटच्या पोराला विचारलं, काय दिसलं?

"एक मोठा, सर. अन् बाजूनं तीन बारके ठिपके, एका रेघेत."